पोटाशी बांधलेल्या बाटल्या

आमच्या लॅबोरेटरीत सकाळी नमस्कार-चमत्कार व्हायचे नाहीत. डॉक्टर दारातून आत येत, छत्री खुंटीला अडकवत आणि कोट काढायच्याही आधी मला विचारत, "काय बाई, मंडळी उठली का?"

मंडळी म्हणजे जंतू. परळच्या एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून, आमची दोन खोल्यांची लॅबोरेटरी होती. हाडांच्या वॉर्डातून आमच्याकडे पू यायचा. कुणाच्या नडगीतला, कुणाच्या मांडीतला, कुणाच्या मणक्यातला. तो काचेच्या बशीत नाहीतर बाटलीत पेरायचा, उबेच्या कपाटात ठेवायचा आणि त्यातून कुठला जंतू उगवतो ते वरच्या मजल्यावर सर्जनना कळवायचं, एवढं आमचं काम. म्हणजे माझ्या मते एवढंच. डॉक्टरांच्या मते आम्ही खानावळ चालवत होतो.

"जंतू हा पाहुणा आहे, बाई," ते म्हणत. "त्यानं बोलावं असं वाटत असेल तर आधी त्याच्या आवडीचं पान वाढा. उपाशी पाहुणा तोंड उघडत नाही." नेहमीच्या पुवातले जंतू ही त्यांची बिनतक्रार मंडळी. काय वाढाल ते खातात आणि उद्या सकाळी बशीभर झालेले असतात. क्षयाचा जंतू मात्र जुन्या वळणाचा सासरा. त्याला अंड्याशिवाय चालत नाही, आणि पान वाढलं तरी सहा आठवडे पाटावर यायचा नाही. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की नव्या माणसाला वाटावं यांच्या घरी खरोखरच तसा कुणी येऊन बसलाय.

दिसायला म्हणाल तर उंची सव्वापाच फूट आणि वजन त्यांच्या छत्रीपेक्षा थोडं जास्त. धोतरावर कोट, कोटाच्या एका खिशात पत्र्याच्या डबीत साबणाची वडी. माणूस भेटला की हात धूत, माणूस गेला की पुन्हा धूत. इस्पितळातल्या कुणाला त्याचा राग येत नसे, कारण ते समोरच्यालाही साबण देत. माझ्याआधी त्यांच्या हाताखाली तीन जण येऊन पळाले होते. मी टिकले, कारण मुळात मी फटकळ, आणि दुसरं म्हणजे त्यांचा राग येता येता मला हसू यायचं.

काही हळव्या पाहुण्यांना कलेजीचा रस्सा लागतो. मी गिरगावातल्या, चातुर्मासात कांदासुद्धा बंद असलेल्या शाकाहारी घरातली. पण शिपाई शिळी कलेजी आणतो अशी डॉक्टरांची तक्रार, तेव्हा दर आठवड्याला डबा घेऊन लालबागच्या खाटकाकडे मीच जायची. चार-पाच महिन्यांनी खाटकाला राहवेना. "ताई," तो म्हणाला, "कलेजी येवडी नेता, मसाला कुटला घालता?"

"मीठ," मी म्हटलं. "आणि चायना ग्रास."

तो सुरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मिस्टरांची तब्येत बरी नाय काय?"

एकदा तो डबा चुकून माझ्या पिशवीतून घरी आला. सासूबाईंनी तो चिमट्यात धरून गॅलरीत ठेवला, स्वतः दोनदा आंघोळ केली आणि मी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तुमच्या त्या डॉक्टरांना आई नाही का?" दुसऱ्या दिवशी मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "होती. फार सुंदर पुरणपोळ्या करायची. पण पुरणपोळीवर काही उगवत नाही."

वॉर्डातून भरून आलेली बाटली ते घ्यायचेच नाहीत. वॉर्डातली माणसं स्वच्छतेची मोठी भोक्ती. बाटली कार्बोलिकनं खळखळून विसळायची आणि मग तिच्यात पू भरायची. जंतू वाटेतच मरायचे आणि आमच्या रिपोर्टावर लिहायला लागायचं, काही उगवलं नाही. "पाहुण्याला जिन्यात विष घालता आणि वर माझ्याकडे गप्पांना पाठवता?" असं त्यांनी एका नर्सला भर वॉर्डात विचारलं होतं. तेव्हापासून बाटली घेऊन ते स्वतःच जात. खाटेजवळ उभं राहून रोग्याशी बोलत, त्याच्या घरचं, गावचं, पानातलं सगळं विचारत. सर्जन तोवर सुई हातात धरून ताटकळत. औषधांची घाई करणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "औषध म्हणजे दगड हो. अंधारात काहीतरी हललं म्हणून लगेच मारायचा नाही. कुत्रं आहे, चोर आहे की शेजारचे अण्णा, ते आधी बघायचं."

चिंचपोकळीच्या एका शिंप्याच्या नडगीत वर्षानुवर्षं पू होता. पेनिसिलिननं तात्पुरता वाळायचा, पुन्हा वाहायचा. शेवटी सर्जननी आत मरून पडलेला हाडाचा बोटभर तुकडा काढला तेव्हा जखम भरली. तुकडा तपासायला आमच्याकडे आला, आणि चार दिवसांनी त्या शिंप्याची बायको आली. म्हणाली, हाड आमच्या माणसाचं आहे, ते समुद्रात सोडायला हवं. मी तिला समजावायला लागले, की माणूस जिवंत असताना त्याच्या अस्थी कसल्या सोडता? डॉक्टरांनी मला गप्प केलं. हाड तीन वेळा उकळलं, पांढऱ्या कापडात बांधलं आणि तिच्या हातात देताना म्हणाले, "आता समुद्राला धोका नाही." बाई गेल्यावर मला म्हणाले, "ज्यानं दहा वर्षं छळलं त्याला स्वतःच्या हातानं बुडवायला मिळणं ही चैन आहे, बाई. ती का हिरावून घ्यायची?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळ-लालबागमध्ये रोज कुठे ना कुठे सभा असायची आणि डॉक्टर एक सोडायचे नाहीत. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, यावर ते अगदी ठाम. पण हजार माणसं एकदम घोषणा द्यायला लागली की त्यांना माणसं दिसायची नाहीत, थुंकीचे तुषार दिसायचे. मग ते मैदानाच्या कडेला तोंडावर रुमाल धरून उभे राहत आणि रुमालातूनच "झालाच पाहिजे" म्हणत. एका कार्यकर्त्याला ते कुणीतरी लपूनछपून आलेले सरकारी गृहस्थ वाटले. त्यानं दम भरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्याच बाजूचा. फक्त दहा फुटांवरून."

आता पैलवानाकडे येते.

तो लालबागचा. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि पहाटे तालमीत घुमायचा. मूळ सातारकडचा, वय तिशीच्या आत, अंग असं की खाटेवर झोपला की खाट दिसायची नाही. त्याला तीन महिने बारीक ताप येत होता, कंबर धरली होती आणि वजन उतरत चाललं होतं. एक्स-रेमध्ये कमरेचे दोन मणके कुरतडलेले दिसले आणि शेजारी पुवाची सावली. मुंबईत त्या काळी असा फोटो पाहिला की शंभरातल्या जवळजवळ सगळ्या डॉक्टरांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, क्षय. आमच्या सर्जनसाहेबांच्याही तोंडून तोच निघाला. ते हुशार होते, सचोटीचे होते, आणि असे रोगी त्यांनी ढिगानं बरे केले होते. पैलवानाला त्यांनी लाकडी फळीवर निजवलं, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली आणि त्याच्या आईला सांगितलं, "वर्षभर इथून हलायचं नाही. खायला चांगलं द्या. दूध भरपूर द्या."

इंजेक्शनं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डॉक्टर आपली बाटली घेऊन वर गेले होते. पाठीत लांब सुई घालून साहेबांनी पू काढला आणि तो आम्ही पेरला. दोन बाटल्या अंड्याच्या, क्षयाच्या जंतूसाठी. तीन बाटल्या कलेजीच्या रश्श्याच्या, आणखी कुणी असेल तर त्याच्यासाठी. पाठीतला पू महिनाभर हलवायचा नाही हा डॉक्टरांचा नियम. इस्पितळाच्या कचेरीचा नियम मात्र दहा दिवसांचा होता, कारण बाटल्या कमी पडायच्या आणि त्याचे कागदावर कागद आम्हाला यायचे.

चूक केली ती मी. अकराव्या दिवशी डॉक्टर मुलांना शिकवायला कॉलेजात गेले होते. रश्श्याच्या तिन्ही बाटल्या निवळशंख होत्या. वर पैलवानाचा ताप इंजेक्शनांनी उतरला होता, तो वॉर्डात पडल्या पडल्या घोषणा द्यायला लागला होता. ताप उतरला म्हणजे क्षयच, आता रश्श्याचं काय काम, असं मी स्वतःच ठरवलं आणि तिन्ही बाटल्या उकळायच्या टबात टाकल्या. टब पेटवायच्या आतच बाहेर गडबड सुरू झाली. लाठीमार, मग गोळीबाराची बातमी, मग कर्फ्यू. इस्पितळाच्या गाडीनं आम्हा बायकांना घाईघाईनं घरी सोडलं.

पाच दिवस मी गिरगावात अडकले. त्या दिवसांत कुणाकुणाच्या घरची माणसं गेली, ती नावं मला अजून पाठ आहेत. सहाव्या दिवशी कर्फ्यू सैल झाला, तशी अंगातली कणकण आणि सासूबाईंचा विरोध दोन्ही बाजूला सारून मी परळ गाठलं.

दार उघडलं तर डॉक्टर टेबलाशी ताठ बसलेले. दाढी वाढलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि त्यांना पोट आलेलं. चांगलं सातव्या महिन्यातल्या बाईसारखं पोट.

"डॉक्टर, हे काय?"

"मी कॉलेजातून परतलो तोच वीज गेली हो, पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "आपल्या या मागच्या इमारतीचीच. कपाट थंड पडलं. मग म्हटलं, त्यांना लागते तेवढी ऊब आपल्या अंगात आहे, ती का वाया घालवायची?" कोट उघडून दाखवला. वॉर्डातल्या रुंद पट्ट्यांचे वेढ्यावर वेढे, आणि त्यांत पोटाशी, बरगड्यांशी, कमरेशी बांधलेल्या बाटल्या. मोजून नऊ. "फक्त कुशीवर वळता येत नाही. तुम्ही बायका महिनोन्‌महिने कसं काढता?"

"आणि वहिनी? त्यांना कळवलंत?"

"घराखालच्या वाण्याकडे फोन केला होता. तिचा निरोप आला, वेळेवर जेवा आणि बाटल्यांना वारा लागू देऊ नका." हे सांगताना ते असे खुलले, की मला त्या माउलीला जाऊन नमस्कार करावासा वाटला.

मग त्यांनी उजव्या बरगडीखालची एक बाटली सोडवून माझ्या हातात दिली. ती कोमट होती. खिडकीशी धरली तर रश्श्यात अगदी पुसटसं धुकं आलेलं. लेबलावर माझं अक्षर, पैलवानाचा नंबर.

"ही तर मी..."

"टबात होती. टोपण घट्ट होतं म्हणून वाचली." त्यांचा आवाज काही चढला नाही. "पाहुण्याला दारातून परत पाठवलंत, बाई. बरं तर बरं, तो जिन्यातच बसून होता."

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. ते उठून माझ्याजवळ आले, पण पोटावरच्या आठ बाटल्यांमुळे त्यांना वाकता येईना. खिशातली साबणाची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "तोंड धुऊन या. उद्या-परवा तो बोलेल, तेव्हा ऐकायला कुणीतरी पाहिजे."

त्याच सकाळी वरून निरोप आला. पैलवानाचा ताप पुन्हा चढला होता आणि आता डावा पाय उचलेना. आम्ही वर गेलो तेव्हा तो आढ्याकडे बघत पडला होता. "डॉक्टर, पाय झोपेत असल्यावानी वाटतोय," तो म्हणाला. "साहेब म्हणत्यात पाठ उघडायची. पाय ऱ्हाईल का माझा? खरं सांगा." उशाशी त्याची आई पदर तोंडात धरून बसली होती.

सर्जनसाहेब बाहेर व्हरांड्यात होते. सोमवारी ऑपरेशनची वेळ त्यांनी लावून टाकली होती. डॉक्टर म्हणाले, "हा क्षय नसावा असा मला संशय आहे. मला थोडे दिवस द्या."

"संशय?" साहेब वैतागले. "तुमच्याकडे पाहुण्यांसाठी वेळ आहे, डॉक्टर. माझ्याकडे पायासाठी नाही. पाय एकदा गेला की परत आणता येत नाही मला."

"मलाही येत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर विचारतोय. क्षय असता तर स्ट्रेप्टोमायसिन चालू असताना तो असा उलटला असता का?"

साहेबांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमवार सकाळ. त्याच्या आत पाय आणखी उतरला तर मी थांबणार नाही."

दिवस होता गुरुवार. डॉक्टरांनी धुक्यातला एक थेंब बशीवर पेरला. वीज आली होती, पण बशी कपाटात ठेवल्यावरही ते तासातासानं दार किलकिलं करून बघत. शेवटी मी कपाटाच्या दारापुढे स्टूल टाकून बसले आणि त्यांना हात लावू दिला नाही. "ऊब जाते," मी म्हटलं. "नियम तुमचाच आहे." शुक्रवारी काही नाही. शनिवारी काही नाही. मी शनिवारी जेवले नाही, आणि सासूबाईंना वाटलं मी उपास धरलाय.

रविवारी सकाळी त्यांनी मला विचारलं नाही, मंडळी उठली का. सरळ कपाटाशी गेले. बशीत दवाच्या थेंबांसारखे बारीक बारीक ठिपके होते. एरवी हा माणूस प्रत्येक बशी नाकाशी धरून वास घ्यायचा, आणि नुसत्या वासावरून अर्धे जंतू ओळखायचा. त्या दिवशी त्यांनी बशी हातभर लांब धरली, तोंडाला रुमाल बांधला आणि मलाही बांधायला लावला. "ह्याचा वास घ्यायचा नाही. हा नाकातून घरात शिरतो." मग वरून पैलवानाचं थोडं रक्त मागवलं. रक्तावरचं निवळ पाणी आणि ते ठिपके काचेवर एकत्र कालवले. मिनिटभरात ते मिश्रण नासलेल्या दुधासारखं कणीकणीचं झालं. रक्ताला जंतूची ओळख पटली होती.

"ब्रुसेला," डॉक्टर म्हणाले. "गुराढोरांचा जंतू. माणसाला दुधातून होतो." आणि त्यांनी एकदम जाग्यावरच दोन उड्या मारल्या. पन्नाशीचा माणूस, धोतर सांभाळत.

आम्ही दोघं वर गेलो. साहेबांनाही बोलावलं. डॉक्टर खाटेजवळ जाऊन त्या आईला म्हणाले, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला लेकाचं जेवणखाण विचारलं होतं. पुन्हा सांगा बरं."

"भाकरी, मटान, अंडी," म्हातारी म्हणाली. "आन दूद. सकाळ-सांज मिळून दोन शेर."

"उकळून?"

"उकळून? आवं डाक्टर, पैलवानाला उकळल्यालं दूद? तांब्यात धार काडायची आन फेस बसायच्या आत तोंडाला लावायचं. उकळलं की दुदातला जीव जातुया."

"अगदी बरोबर बोललात," डॉक्टर म्हणाले. "तो जीव जायलाच पाहिजे. तोच तुमच्या लेकाच्या मणक्यात जाऊन बसलाय."

इस्पितळात शिकलेली आम्ही इतकी माणसं, सगळ्यांनी त्या बाईच्या तोंडून दूध हा शब्द ऐकला होता. दूध म्हणजे तापवलेलंच, हे आम्ही गृहीत धरलं. तिच्या लेखी पैलवानाचं दूध म्हणजे धारोष्णच. साहेबांनी भरपूर दूध द्या म्हटल्यापासून ती रोज पहाटे लालबागच्या तबेल्यातून तांब्या पदराखाली घेऊन चालत येत होती आणि आधी घरी पाजायची तेच दूध आता वॉर्डात त्याला पाजत होती. आम्ही खालून पाहुण्याला शोधत होतो आणि तो रोज सकाळी फाटकातून आत येत होता.

म्हातारीला हळूहळू उमगलं. तिचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच माज्या लेकाला..." एवढं बोलून ती खाली फरशीवर बसली.

डॉक्टर तिच्याशेजारी फरशीवर बसले. हात न धुता त्यांनी तिचा हात हातात घेतला. "तुम्ही दूध दिलंत, आई. जंतू म्हशीनं दिला. म्हशीला दुसऱ्या कुणी दिला. तिलाही ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, आणि इथं इतके कोट घालून फिरणाऱ्या आम्हालाही नव्हतं. आता कुणाला धरायचं?" ते तिच्याशी बोलत होते, पण टबातल्या बाटल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या आणि माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

साहेबांनी तिथल्या तिथं ऑपरेशन रद्द केलं. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाय बघेन, उणं वाटलं तर मात्र पाठ उघडेन, असं बजावलं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिननं हा जंतू नुसता दबतो, मरत नाही, म्हणून त्याच्या जोडीला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला सुरू झाल्या. जाता जाता साहेब आमच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, याआधी मी असे किती क्षय म्हणून निजवले असतील हो?" डॉक्टर म्हणाले, "ते सोडा. पुढचे मोजू."

दोन दिवसांनी डॉक्टर बाटली घेऊन त्या तबेल्यात गेले. भय्या म्हशीला हात लावू देईना. "साब, दूध चाहिए तो लोटा लाओ, ये दवा का शीशी काहे को?" गोडीगुलाबीनं विचारल्यावर कळलं, त्या मोसमात त्याच्या दोन म्हशी गाभडल्या होत्या, रेडकं पोटातच गेली होती. हा जंतू म्हशीला तेच करतो. डॉक्टर इतके हरखले की म्हशीच्या मागच्या अंगानं निघाले आणि लाथ खाऊन परत आले. मांडीवरचा काळानिळा डाग ते आठवडाभर कौतुकानं सांगत होते, दाखवायचा आग्रहही करत होते, तो आम्ही मानला नाही. पुढचा महिनाभर ते रोज दोनदा स्वतःचा ताप बघायचे. बाटल्या अंगाला बांधल्या होत्या, म्हणून जरा काळजी. ताप काही आला नाही, तेव्हा मला वाटतं ते थोडे खट्टूच झाले.

आठव्या दिवशी पैलवानाचा डावा अंगठा हलला. साहेब धावत खाली सांगायला आले, लिफ्टची वाट न बघता. सहा आठवड्यांनी ताप कायमचा गेला, काही महिन्यांनी तो कमरेला पट्टा लावून घरी गेला. कुस्ती बंद, साचे चालू. त्याच्या आईनं तालमीतल्या सगळ्या पोरांना दूध उकळून प्यायला लावलं. पोरं कुरकुरली, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

नंतर काही वर्षं तो दिसला नाही. मग राज्य झालं, मुंबईसकट झालं. त्या दिवशी आम्हाला दुपारीच सुट्टी मिळाली आणि मी नि डॉक्टर लालबागपर्यंत पायी निघालो. रस्ता गुलालानं लाल झालेला, लेझीमची पथकं, गॅलऱ्यांतून फुलं. डॉक्टर रुमाल तोंडाशी धरायला विसरले होते. तेवढ्यात गर्दीतून एक भलामोठा गुलालानं माखलेला माणूस आमच्या अंगावर आला. "डॉक्टर!" एवढंच तो ओरडला, वाकला, आणि आमच्या डॉक्टरांना त्यानं पोरासारखं उचलून खांद्यावर घेतलं.

"अरे खाली ठेव!" डॉक्टर किंचाळले. "मणका! अरे वेड्या, तुझा मणका!"

"काय होत नाय त्याला," पैलवान म्हणाला आणि नाचायला लागला.

मी गर्दीत मागे ढकलली गेले. तिथून दिसलं ते असं, की खांद्यावर बसलेले डॉक्टर एका हातानं त्याचं डोकं घट्ट धरून मागे झुकलेत आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वरून खाली त्याचा एकेक मणका ठोकत चाललेत. सगळं लालबाग महाराष्ट्राचा जयजयकार करत होतं, आणि आमचे डॉक्टर जिवाच्या आकांतानं एकटेच ओरडत होते, "इथं दुखतं का? आणि इथं?"

"नाय दुखत!" खालून पैलवान ओरडत होता. "नाय दुखत, डॉक्टर! कुटंच नाय दुखत!"